आठ फुटांची स्क्रीन आणि शेवटची खुर्ची

मंडळी, गेले तीन शनिवार इथे शुकशुकाट होता, त्याबद्दल दिलगीर आहे. कारण विचाराल तर टीव्ही. म्हणजे घरचा नव्हे, हापिसचा. त्याला टीव्ही म्हटलेलं आमच्या साहेबांना अजिबात खपत नाही, डिस्प्ले म्हणायचं.

तर झालं असं की ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात मोठ्या मीटिंग रूमचं नूतनीकरण निघालं. गालिचा नवा, खुर्च्या नव्या, टेबल मात्र जुनंच, कारण ते दारातून बाहेर निघत नाही. (आत कसं गेलं हे कोणालाच आठवत नाही.) प्रोजेक्टर इतका थकलेला की त्यावर पांढरा रंग हळदीसारखा दिसायचा. साहेब त्याच सुमारास कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले आणि तिथे त्यांनी १०५ इंची अल्ट्रावाइड स्क्रीन बघितली. सोमवारी आल्या आल्या मला बोलावलं. "तू इंजिनिअर ना? बघ जरा. आपल्याला तसलीच पाहिजे." आमच्याकडे "तू इंजिनिअर ना" या वाक्यानंतर काहीही येऊ शकतं, प्रिंटरमधला अडकलेला कागद काढण्यापासून ते साहेबांच्या मेव्हण्याचा मोबाइल दुरुस्त करण्यापर्यंत. त्या मानाने ही बढतीच होती.

खरं सांगायचं तर मला ती स्क्रीन साहेबांपेक्षा जास्त हवी होती. का, ते सांगतो.

मी राहतो जांभूळला. अंबरनाथ तालुक्यातलं उल्हास नदीकाठचं गाव. गाव बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण गावचं पाणी मात्र ते रोज पितात. बारवी धरणातून सोडलेलं पाणी पुढे उल्हास नदीतून उचलतात, एमआयडीसीच्या जांभूळच्या केंद्रात शुद्ध करतात आणि मग ते उल्हासनगर-डोंबिवलीपासून ठाणे-नवी मुंबईच्या काही भागांपर्यंत जातं. माझे बाबा त्याच केंद्रात ऑपरेटर होते, आता रिटायर झालेत. त्यांचा या गोष्टीत पुढे संबंध येणार आहे, म्हणून आत्ताच ओळख करून दिली.

आठवड्यातले तीन दिवस मी बाइकवरून अंबरनाथ स्टेशन, मग ठाणे, मग ट्रान्स-हार्बरने ऐरोली असा प्रवास करतो. दोन दिवस घरून काम. घरून काम करणाऱ्याचं सुख तुम्हाला ठाऊक आहेच, आईच्या हातचा चहा वगैरे. दुःख हे की मीटिंगमध्ये तुम्ही पोस्टाच्या तिकिटाएवढे होता. समोर बारा माणसं टेबलाभोवती, आणि भिंतीवर कोपऱ्यात चौकोनात तुम्ही. मागच्या पावसाळ्यात एकदा मी एका रिलीजची तारीख का पाळता येणार नाही हे चांगली पाच मिनिटं पोटतिडकीने सांगत होतो. बोलून झाल्यावर पलीकडून साहेबांचा आवाज आला, "चला, मग तारीख ठरली तर." कोणी माझ्याकडे बघतच नव्हतं. समोर एक्सेल शीट होती आणि तिच्यामागे मी होतो. रिलीज पुढे काय झाला ते विचारू नका.

त्यामुळे डेमोला गेलो आणि विक्रेत्याच्या माणसाने ती आठ फूट रुंद स्क्रीन चालू केली तेव्हा मी पाघळलोच. मायक्रोसॉफ्टने टीम्ससाठी २०२१ साली 'फ्रंट रो' नावाची मांडणी जाहीर केली. तिच्यात घरून आलेली मंडळी स्क्रीनच्या खालच्या अंगाला एका ओळीत बसतात, टेबलावरच्या माणसांच्या नजरेच्या पातळीवर. चेहरे जवळजवळ खऱ्या आकाराचे. वर मधोमध प्रेझेंटेशन, बाजूला चॅट. आडव्या लांब स्क्रीनवर हे फार शोभून दिसतं. मी मनातल्या मनात तिथे माझा चेहरा ठेवून बघितला. आता कोणाची बिशाद आहे माझ्याकडे न बघण्याची!

साहेब खूश, मी खूश. कोटेशन आलं. एरवी असल्या आकड्यांना फ्लॅटचं डाउन पेमेंट म्हणतात. ते असो.

आता थोडं गणित. घाबरू नका, आठवीतलं आहे.

टीव्हीचा इंच हा कर्ण असतो, हे आपल्याला माहीत असतं आणि दुकानात गेल्यावर आपण नेमकं हेच विसरतो. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. आकार तोच असेल तर कर्ण बघून तुलना चालते, ५५ पेक्षा ६५ मोठा. पण आकारच बदलला तर? जुन्या टीव्हीचं प्रमाण होतं ४:३. मग आलं १६:९, म्हणजे ४ चा वर्ग आणि ३ चा वर्ग. आणि ज्याला बाजारात २१:९ म्हणतात ते बहुतेक वेळा प्रत्यक्षात ६४:२७ असतं, म्हणजे ४ चा घन आणि ३ चा घन. ही गंमत कळल्यावर मला दोन मिनिटं फार आनंद झाला. घरी कोणालाच झाला नाही.

आडव्या पडद्याची हौस आपल्याला काही नवी नाही. गुरुदत्तचा 'कागज के फूल' १९५९ साली आला, तो भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तिकीटखिडकीवर पडला, पण ती चौकट लोक अजून आठवतात. घरात असा पडदा आणायचा प्रयत्न फिलिप्सने २००९ साली केला, ५६ इंची २१:९ टीव्ही काढून. सिनेमा बघायला झकास, पण बातम्या, मालिका, क्रिकेट सगळं १६:९, म्हणजे एरवी दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. २०१२ साली त्यांनी तो नाद सोडला. आता तोच आकार मीटिंग रूमच्या दाराने परत आला आहे.

तर मी पायथागोरसबुवांना कामाला लावलं.

१०५ इंची अल्ट्रावाइड: रुंदी सुमारे ९७ इंच, उंची सुमारे ४१ इंच.
९८ इंची साधी १६:९: रुंदी सुमारे ८५ इंच, उंची ४८ इंच.
८६ इंची साधी १६:९: रुंदी ७५ इंच, उंची ४२ इंच.

पुन्हा एकदा वाचा. मी पण वाचलं होतं. १०५ इंची स्क्रीन ८६ इंचीपेक्षाही बुटकी आहे! आणि क्षेत्रफळ काढलंत तर ९८ इंचीचं १०५ पेक्षा थोडं जास्तच भरतं. नाव मोठं आणि उंची खोटी, म्हणाना.

आता तुम्ही म्हणाल, उंचीचं एवढं काय? उंचीवरच सगळं अवलंबून आहे हो. मीटिंग रूमवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे, चार-सहा-आठ. चित्राच्या उंचीच्या चौपट अंतरापर्यंत बारीकसारीक तपशील बघता येतो, नकाशा, ड्रॉइंग वगैरे. सहापटीपर्यंत साधा मजकूर आणि आकडे आरामात वाचता येतात. आठपटीपर्यंत नुसतं बघता येतं, म्हणजे व्हिडिओ, चेहरे. रुंदीला या हिशोबात स्थानच नाही, कारण अक्षर मोठं दिसणं ओळीच्या उंचीवर ठरतं.

आमची रूम २६ फूट लांब, १४ फूट रुंद. स्क्रीनच्या भिंतीपासून शेवटची खुर्ची २२ फुटांवर. २२ फूट म्हणजे २६४ इंच, भागिले सहा, ४४ इंच. निदान ४४ इंच उंचीचं चित्र हवं. ९८ इंची पास. १०५ इंची नापास. आणि तीही पूर्ण उंची वापरली तर. फ्रंट रोमध्ये खालचा भाग चेहऱ्यांना जातो, मजकुराला उरतं ते आणखी कमी. म्हणजे माझा चेहरा जेवढा मोठा, तेवढी एक्सेल शीट लहान.

अजून एक. कोणी आपला लॅपटॉप वायरीने जोडला तर काय होणार? लॅपटॉपचं चित्र सहसा १६:९, तेव्हा ते मधोमध बसणार आणि दोन्हीकडे फूटफूटभर काळी पट्टी. उरलेल्या चित्राचा कर्ण काढला, ८३ इंच. म्हणजे १०५ चे पैसे मोजून ८३ इंची टीव्ही. पूर्ण रुंदी वापरायची तर ५१२० बाय २१६० पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट. गुणाकार केला तर सेकंदाला १५.९ अब्ज बिट. आमच्या फरशीखालून गेलेली केबल एचडीएमआय २.० ची, तिच्यातून प्रत्यक्ष चित्रासाठी जातात १४.४ अब्ज. म्हणजे केबल बदला, म्हणजे नवा गालिचा उचला. गालिचा परवाच बसवला होता.

(काहींनी सुचवलं, मग एलईडीची भिंत का नाही, किंवा चार छोट्या स्क्रीन जोडून? जोडलेल्या स्क्रीनमध्ये मधून रेघ जाते, आणि आमच्याकडे ती रेघ नेमकी एकूण बेरजेच्या आकड्यावरून जाणार हे मी लिहून देतो. एलईडीच्या भिंतीचं कोटेशन साहेबांनी बघितलं आणि शांतपणे उलटं ठेवलं.)

इथपर्यंत सगळं स्वच्छ होतं. पण मला १०५ इंची हवी होती ना! मग आपण इंजिनिअर लोक काय करतो? गणित बसत नसेल तर खोली बदलतो. मी उलट हिशोब केला. ४१ गुणिले सहा म्हणजे २४६ इंच, साडेवीस फूट. शेवटच्या खुर्चीपेक्षा दीडच फूट कमी! टेबलाच्या टोकाच्या शेवटच्या दोन खुर्च्या काढून टाकल्या की झालं. साहेबांना द्यायच्या तक्त्यात मी एक ओळ घातली: "शेवटच्या दोन खुर्च्या काढणे. खर्च: ०." त्या शून्याकडे बघून मला फार बरं वाटलं.

त्या रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून बसलो होतो. बाबा शेजारी येऊन बसले. त्यांना असल्या गोष्टींत रस असतो, म्हणजे पंप, मीटर, भिंतीवर टांगलेलं काहीही. मी त्यांना कर्णाची गंमत दाखवली, त्यांना ती आवडली. (घरात एकाला तरी!) मग त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि त्या शून्यावर बोट ठेवलं.

"या खुर्च्यांवर कोण बसतं रे?"

"अकाउंट्सच्या मॅडम असतात एका खुर्चीवर. दुसरीवर कोणी बाहेरून आलेलं असेल तर."

"त्यांना विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं बाबा? त्या तशाही काही बोलत नाहीत. नेहमी म्हणतात, मला मेल करा, मी नंतर बघते."

बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "टाकीच्या बाहेर पातळीची पट्टी असते ती बघितली आहेस ना? आकडे केवढे असतात?"

बघितली आहे, लहानपणापासून. आतला फ्लोट वरखाली होतो तसा बाहेर पट्टीवर काटा सरकतो आणि बाजूला रंगाने आकडे लिहिलेले असतात. चांगले वीतभर उंच.

"ते एवढे मोठे का लिहितात? टाकीला शोभा यावी म्हणून नाही. रात्रपाळीला पावसात, खालून, टॉर्च मारून वाचता यावेत म्हणून. बघणारा कुठे उभा आहे ते आधी बघायचं, मग आकडा काढायचा. तू आधी पट्टी विकत घेतोयस आणि मग वाचणाऱ्याला जवळ ये म्हणतोयस. तेही नाही, तू त्याला घरी पाठवतोयस."

एवढं बोलून ते पाणी प्यायला उठून गेले. मी तक्ता बंद केला. उल्हास नदीकाठी राहणाऱ्यांना आकडा दिसण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही खरं तर. पावसाळ्यात बदलापूरकडच्या कोणालाही विचारा, १६.५० मीटर इशारा आणि १७.५० धोका हे पाढ्यासारखं पाठ असतं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात उभी होती आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तो दिवस आमच्याकडे अजून कोणी विसरलेलं नाही. आकडा ज्याला कामाचा आहे त्याला तो दिसला पाहिजे. बाकी शोभा.

दुसऱ्या दिवशी मी जाताना स्टेशनरीच्या दुकानातून खाकी कागदाचा रोल आणि मास्किंग टेप घेतली. संध्याकाळी रूम रिकामी झाल्यावर भिंतीवर आधी १०५ इंची चौकट चिकटवली, ९७ बाय ४१. आमच्या मासिक खर्चाची शीट फ्रंट रोमध्ये जेवढी दिसेल असा अंदाज होता, तेवढ्या आकारात तुकड्यातुकड्यांनी छापून मधोमध लावली. मग अकाउंट्समध्ये जाऊन मॅडमना म्हटलं, "पाच मिनिटं याल का? एक बघायचं होतं."

मॅडम आल्या, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना रिटायर व्हायला दोनेक वर्षं आहेत. चष्मा थोडा वर केला, थोडा खाली केला. हनुवटी उचलून बघितलं.

"काही वाचता येतंय का मॅडम?"

"वरचं हेडिंग. बाकी ओळी आहेत एवढं कळतंय." मग हसल्या. "म्हणजे आहे तसंच. प्रोजेक्टरवर तरी कुठे दिसायचं?"

मी विचारलं, किती दिवस दिसत नाहीये? त्या म्हणाल्या, दोन वर्षं झाली असतील. मग पुढे का नाही बसत? तर म्हणाल्या, "पुढे तुम्ही सगळे बसता. मध्येच महिनाअखेरीचे फोन येतात, उठून जावं लागतं, दाराजवळची जागा बरी. आणि दर वेळी दिसत नाही, मोठं करा म्हणायचं, बरं दिसतं का? म्हणून मेल करा म्हणते. घरी मोठं करून बघते."

मला एकदम मार्चमधली मीटिंग आठवली. एका वार्षिक देखभालीच्या कराराच्या शीटमध्ये जीएसटी दोनदा धरला गेला होता. बारा जणांनी ती शीट वीस मिनिटं बघितली आणि मान डोलावली. तीन दिवसांनी मॅडमचं मेल आलं तेव्हा कळलं. तोवर ऑर्डर गेली होती, मग ती निस्तरण्यात पंधरवडा गेला. तेव्हा कँटीनमध्ये आम्ही म्हणालो होतो, मीटिंगमध्ये गप्प बसतात आणि मग मेल पाठवतात. मी पण म्हणालो होतो.

म्हणजे बघा, घरून मीटिंगला येताना माझं म्हणणं काय होतं? मी आहे, पण कोणाला दिसत नाही. मॅडमचं उलटं, त्या समोर बसलेल्या आहेत, पण त्यांना काही दिसत नाही. दोघांचं दुखणं एकच, आणि मी माझ्यावरच्या औषधाचे पैसे त्यांच्या खुर्चीतून काढत होतो. खर्च शून्य!

मग दोघांनी मिळून १०५ चा कागद काढला आणि ९८ चा लावला, ८५ बाय ४८. शीट पूर्ण उंचीत. मॅडम परत जाऊन बसल्या. क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीत प्रवासखर्च मागच्या महिन्याचा टाकलाय." मी जवळ जाऊन बघितलं. खरंच टाकला होता. शीट माझीच होती :)

शुक्रवारी साहेबांना रूममध्ये नेलं. तक्ता दाखवला नाही. आधी शेवटच्या खुर्चीवर बसवलं. दोन्ही कागद आलटून पालटून लावले. साहेब हुशार माणूस आहे, पण १०५ हा आकडा त्यांच्या मनातून निघेना. "अरे पण ९८ म्हणजे छोटी ना?" मी म्हटलं, साहेब, क्षेत्रफळ जास्त आहे. त्यांनी टेप मागवून स्वतः मोजलं. (हे मला आवडलं.) मग म्हणाले, "आणि तुम्ही घरून येणारे? त्या फ्रंट रोचं काय?" प्रश्न रास्त होता आणि तो त्यांनीच विचारला.

उत्तर मी शोधून ठेवलं होतं, दोन स्क्रीन. डावीकडे ९८ इंची, फक्त मजकुरासाठी. तिच्या शेजारी ६५ इंची, फक्त माणसांसाठी. दोन्हींची रुंदी मिळून १४२ इंच, म्हणजे बारा फुटांच्या आत, १४ फुटांच्या भिंतीवर बसते. ६५ ची उंची ३२ इंच, आठपट केली तर २१ फूट. शेवटच्या खुर्चीला फूटभर कमी पडते, पण चेहऱ्यावर आकडे वाचायचे नसतात. कॅमेरा दोन्हींच्या मध्ये, म्हणजे कोणी शीटकडे बघो की माणसाकडे, नजर कॅमेऱ्यापासून फार लांब जात नाही. दोन्ही १६:९, त्यामुळे जुनी केबल चालते आणि गालिचा वाचतो. आणि सगळं मिळून १०५ इंचीच्या कोटेशनपेक्षा बरंच कमी. दिसायला तेवढं भारी नाही, हे कबूल. एक थोरली आणि एक धाकटी बहीण फोटोला उभ्या राहिल्यासारख्या दिसतात.

अल्ट्रावाइड वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. जिथे बघायची गोष्टच आडवी आहे तिथे तिला तोड नाही. मुंबईच्या लोकलवर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रण कक्षाचे फोटो बघा, भिंतभर पसरलेला रुळांचा आराखडा असतो. रूळ आडवेच असतात, तिथे उभी स्क्रीन काय कामाची? किंवा छोटी रूम, सहा खुर्च्या, शेवटची पंधरा फुटांवर, आणि निम्मी टीम कायम बाहेरून. तिथे मी डोळे मिटून १०५ घेईन. पण आमच्याकडे बघायची गोष्ट म्हणजे एक्सेल. आणि एक्सेल खाली वाढत जाते, मंडळी.

साहेबांनी दोन मिनिटं विचार केला. म्हणाले, "ठीक आहे. पण क्लायंटला काय सांगायचं, किती इंची?" मी म्हटलं, बेरीज करून सांगा, १६३ :)

तुम्ही कोणी या भानगडीत पडणार असाल तर चार गोष्टी अनुभवाच्या सांगून ठेवतो. एक, स्क्रीनच्या आधी लिफ्ट मोजा. आमच्या सर्व्हिस लिफ्टची आतली लांबी सव्वाआठ फूट. ९८ चा खोका कसाबसा गेला, १०५ चा जिन्यानेच न्यावा लागला असता, सात मजले. दोन, भिंतीवर बोटाने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर ती जिप्समची आहे, आतून प्लाय मारल्याशिवाय एवढं वजन तिच्यावर टांगायचं नाही. तीन, डेमोत कंपनीचा निसर्गदृश्याचा व्हिडिओ बघू नका, तुमची सगळ्यात गिचमीड शीट पेन ड्राइव्हवर घेऊन जा. धबधबा कुठल्याही स्क्रीनवर छान दिसतो. आणि चार, खाकी कागद. दोनशे रुपयांच्या आत काम होतं, आणि कोटेशनमध्ये नसलेल्या गोष्टी तोच सांगतो.

स्क्रीन लागून आता आठवडा झाला. मंगळवारी मी घरून होतो. बाहेर पाऊस, वीज दोनदा जाऊन आली, इन्व्हर्टरच्या कृपेने नेट टिकलं. महिन्याची खर्चाची मीटिंग. शीट उघडली, साहेबांनी नेहमीप्रमाणे "सगळं ठीक? पुढे जायचं?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढची शीट उघडायला हात उचलला. तेवढ्यात टेबलाच्या पार टोकाकडून आवाज आला.

"एक मिनिट. अकरावी ओळ."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. दोन वर्षांत त्या टोकाकडे बघायची सवयच मोडली होती. आकडा चुकलेला नव्हता, वर्गवारी चुकली होती. दोन मिनिटांत दुरुस्त झाली. मग मॅडमनी समोर बघितलं, म्हणजे त्या दोनांतल्या धाकट्या स्क्रीनकडे, आणि म्हणाल्या, "आणि हा काहीतरी बोलायला बघतोय मघापासून. त्याला बोलू द्या."

मी खरंच बोलायला बघत होतो. पण त्या क्षणी काय बोलायचं होतं तेच विसरलो.

रात्री बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग त्या दोन खुर्च्या?"

म्हटलं, आहेत तिथेच.

"बरं," म्हणाले आणि बातम्या लावल्या. आमच्या घरचा टीव्ही ३२ इंची आहे आणि बाबा त्याच्यापासून पाच फुटांवर बसतात. उंची १६ इंच, भागून बघितलं, चारपटीच्या आत. त्यांना गणित करावं लागलं नव्हतं.

असो. पुढच्या शनिवारी भेटू. तोवर तुमच्या मीटिंग रूममधल्या शेवटच्या खुर्चीवर एकदा बसून या, आणि काय दिसतं ते कळवा.